केसोबा, तू उठलास आणि मी बसलो

केसोबा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला.

तुझ्या विठूनं पिंड ठेवला, पाणी सोडलं, दोन पावलं मागं सरला, तेवढ्यात झाडावरून कावळा उतरला, दोन चोची मारल्या आणि भात घेऊन गेला. नदीकाठी जमलेली मंडळी खूष. "पुण्यवान माणूस, काही मागं ठेवलं नाही," असं जो तो म्हणायला लागला. भटजी उन्हातून लवकर सुटले म्हणून जरा जास्तच खूष. मी एकटा मुठेच्या पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, तुझा असा राग आला की हाताशी येईल तो दगड उचलून पाण्यात भिरकवावा.

काही मागं ठेवलं नाहीस? आणि आपलं बारा वर्षांचं भांडण, ते कुणाच्या गळ्यात बांधून गेलास? निदान घटकाभर तरी कावळ्याला फांदीवर बसवून ठेवायचंस! विठूनं आईला नीट सांभाळीन म्हणून सांगितलं असतं, भावकीनं आणखी काहीबाही कबूल केलं असतं, आणि कशानंच कावळा हलला नसता तर मी पुढं झालो असतो. तसं होणार असं मी धरूनच चाललो होतो. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो. पोटात ठेवलेली एक गोष्ट सगळ्यांदेखत तुला सांगणार होतो. तू सवडच दिली नाहीस. जिवंतपणीही तुझं हेच. समोरचा बोलायला तोंड उघडतोय तोवर तू उपरणं झटकून उभा.

म्हणून आता इथं, दुकानात एकटा बसून सांगतोय. पुढ्यात पट मांडलाय. मीच शिवलेला, चारी हातांना निराळ्या रंगाचं कापड लावलेला. तुझ्या सोंगट्या तुझ्या बाजूला लावल्यात. मी कवड्या टाकतो, माझं दान खेळतो, आणि मग तुझ्याकडे बघत बसतो. माझी मंडळी गेली तेव्हा लोक म्हणाले, म्हादबा शिंपी आता एकटा पडला. मला तसं वाटलं नव्हतं. तिसऱ्या प्रहरी तू चिखलाचे हात धुऊन यायचास आणि "काय रे, आज हरायचंय का?" म्हणायचास, तोवर घरात माणूस होतं. आता हे दार उघडं टाकून बसतो, आणि आत येतं ते ऊन.

तुझी चेष्टा करायला तरी मिळायची. गळ्यात माळ, ताटात कांदासुद्धा नाही. भट्टी लावायच्या आधी जमिनीवर ओणवा होऊन मुंग्या बघायचास, आणि दिसल्या तर लांब चिमूटभर पीठ टाकून त्या तिकडे जाईपर्यंत बसून राहायचास. वहिनी करवादायच्या, "अहो, मुंग्यांचं आवरलं असेल तर माणसांच्या मडक्यांचं बघा." आणि तोच तू माझी सोंगटी घराच्या तोंडाशी आली की अशी दाणकन मारायचास! मी म्हणायचो, "केसोबा, माळ कुठं गेली?" तू म्हणायचास, "लाकडाला जीव नसतो, म्हादबा. तू खेळ."

हा तुझा धर्म मला ठाऊक होता. कुंभारवेशीपासून आमच्या सदाशिव पेठेपर्यंत सगळ्यांनाच ठाऊक होता. तरी त्या दिवशी चावडीत तू असं काही बोलशील, असं वाटलं नव्हतं.

सगळं तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण तू तेव्हा उठून गेलास. पर्वतीच्या पायथ्याच्या बागेतल्या विहिरीपाशी रखमाजी माळी डोकं फुटून मेलेला सापडला. आदल्याच दिवशी पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि येसू माळ्याचं भांडण झालेलं. "तुला विहिरीतच घालतो," असं येसू म्हणाल्याचं चारचौघांनी ऐकलेलं. येसूला धरून आणला, आणि निवाड्यासाठी पेठांतली पाच माणसं पंच म्हणून बोलावली. त्यात तू. मी नुसता बघायला आलेला, गर्दीत खांबाला टेकून उभा.

आधीच्या कुठल्याशा निवाड्यात म्हणे एक पंच ऐन निशाणीच्या वेळी कचरला आणि कागद तसाच पडून राहिला. म्हणून या वेळी कारकुनानं आधीच विचारून घ्यायचं ठरवलं. प्रत्येकाच्या हातात शपथेचा बेल आणि भंडारा देऊन एकच सवाल. "खून शाबीत झाला, तर डोकं मारण्याच्या कागदावर निशाणी कराल ना?" पहिले दोघं "होय" म्हणाले. मग तू. तू ओंजळीतल्या बेलभंडाऱ्याकडे बघितलंस.

"नाही करणार," तू म्हणालास.

"शाबीत झाला तरी?"

"तरी. जीव घ्यायच्या कागदावर माझ्या चाकाची निशाणी उमटणार नाही."

कारकून काही ओरडला नाही. उलट हसून म्हणाला, "बरं झालं आधीच बोललात. उठा मग. हे काम तुमचं नव्हे." आणि तू उठलास! बेलाची पानं ताटात जपून परत ठेवलीस, धोतर झटकलंस आणि निघालास. कारकुनानं गर्दीवर नजर फिरवली. येसूच्या विरुद्ध जो पुरावा होता तो कापडाचा होता, त्यामुळं त्याला मी बरा सापडलो. "शिंपीबुवा, तुम्ही या."

दारात तू थांबलास. वळून माझ्याकडे बघितलंस. तुझं म्हणणं मला कळलं. मला ते कळलं, आणि तरी मी जाऊन तुझ्या जागेवर बसलो. घोंगडी अजून तुझ्या अंगानं ऊबदार होती.

का बसलो, हे तू बारा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. तर सांगतो. बरं वाटलं मला. भर चावडीत नाव घेऊन बोलावलं, हे बरं वाटलं. जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेणाऱ्या माणसाला कुणीतरी मोजलं, म्हणून बसलो.

पुरावा काय, तर रखमाजीच्या मुठीत बंडीचा एक बंद सापडला होता, मुळाशी विड्याच्या पानाएवढा कापडाचा तुकडा धरून फाटलेला. हिरमुजी, तांबूस रंगाचं जाडंभरडं कापड. मी तो हातात घेतला आणि छाती फुगली. बंदाच्या मुळाशी तीन टाके उलटे आणि चौथा आडवा. ही माझ्या बापाची रीत, सगळ्या पुण्यात दुसरं कुणी असं शिवत नाही. "हा टाका माझा आहे," मी म्हणालो. मग येसूची बंडी आणली. कापड तेच, टाका तोच, आणि काखेखालचा बंद गायब. तिथं त्याच्या बायकोनं ठिगळ लावून टाकलेलं.

"मोटेच्या नाड्यात अडकून फाटली, सरकार," येसू म्हणत होता. "दसऱ्याला बागेतल्या सगळ्याच गड्यांना अशा बंड्या दिल्या होत्या."

खरं होतं ते. त्या सगळ्या बंड्या मीच शिवल्या होत्या, एका ठाणातून, एका हातानं. बागेतल्या सगळ्या गड्यांच्या बंड्या मागवा, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? केसोबा, ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात कारकून म्हणाला, "वा शिंपीबुवा! दहा जबान्यांनी मिटलं नसतं ते तुम्ही एका टाक्यानं मिटवलंत." सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी तोंडातलं गिळलं आणि येसूला म्हणालो, "बाकीच्यांचं कशाला सांगतोस? बंद तुझा तुटलाय." माझा टाका एवढंच सांगत होता की ती बंडी मी शिवली. ती अंगात कुणाच्या होती, हे टाका कुठून सांगणार? एवढं साधं मला, शिंप्याला, त्या दिवशी कळू नये!

पाचांचं एकमत झालं. कागदावर खाली निशाण्या केल्या. माझी कातर. बोरू मी नीट धरला, कातरीची दोन्ही पाती ठळक काढली. चौथ्या दिवशी येसूचं डोकं मारलं. त्याच्या बायकोनं मागितलंही नव्हतं, आणि तू आपणहून तिच्या दारात प्रेताचं मडकं नेऊन ठेवलंस. मला हे वहिनींनी सांगितलं. तू त्या संध्याकाळी पटावर आलास, खेळलास, हरलास आणि काही न बोलता गेलास.

भांडण मीच काढलं. कारण तू मला बोलत नव्हतास, आणि मला ते सहन होईना. तू एकदा जरी म्हणाला असतास, "म्हादबा, तू माणूस मारलास," तर मी तुझ्या अंगावर धावून गेलो असतो आणि मोकळा झालो असतो. तू म्हणायचास, "चल, दान टाक." मग एक दिवस मीच कवड्या फेकल्या.

"तू उठलास म्हणून झालं हे," मी म्हणालो. "पाचांत एक जरी आडवा असता तर डोकं मारलं नसतं. गडावर घातलं असतं, बेड्या पडल्या असत्या, पण जिता राहिला असता. तू 'होय' म्हणून बसायचंस आणि शेवटी निशाणी नाकारायचीस."

"हातात बेलभंडारा घेऊन खोटं बोलू?"

"बोलायचंस! तुझं सोवळं राहिलं आणि त्याची मान गेली."

"माझ्या तोंडून खोटं निघत नाही, म्हादबा."

"मुंग्यांना पीठ घालतोस. माणसासाठी एक शब्द खोटा निघेना?"

तुझा चेहरा उतरला. चिखलाचे वाळलेले डाग नखानं खरवडत बसलास. मग हळूच म्हणालास, "पण निशाणी तर कातरीची आहे." आणि घरी गेलास. त्यानंतर तीन आठवडे आला नाहीस. चौथ्या आठवड्यात आलास तेव्हा हातात मातीचा नवा गडू. "पाणी गार राहतं यात," म्हणालास. तोच गडू अजून कोपऱ्यात आहे. पाणी खरंच गार राहतं.

मग बारा वर्षं आपण तेच बोलत आलो. सणावारी, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर माझ्या मंडळीच्या तेराव्याला. तू उठलास, तू बसलास. वहिनी म्हणायच्या, "तुम्हा दोघांना दुसरं काही येत नाही का हो?" दुसरं काही येत नव्हतंच. अमुक गुन्ह्याला जीव घ्यावा की नाही, यावर तुझं मत तसूभर हललं नाही. आणि मी म्हणत राहिलो की ज्यांचं असं मत आहे ती माणसं आधीच उठून गेली, तर घोंगडीवर उरणार कोण? माझ्यासारखे. ज्यांना नाव घेऊन बोलावलं की बरं वाटतं, असे.

आता ती गोष्ट. जी नदीवर सांगायची राहिली.

येसू गेला त्याच्या पुढच्या वर्षी एक बाई दुकानात आली. त्याच बागेतल्या गड्याची बायको. नवरा खुनानंतर महिनाभरात मोहिमेवर निघून गेला होता आणि वाटेत तापानं मेला. तिच्या काखेत मुलगी, आणि हातात नवऱ्याची बंडी. हिरमुजी. "यातून पोरीला झबलं होईल का, मामा?" मी बंडी उलगडली. काखेखाली बंद नव्हता. तिथं भोक होतं, विड्याच्या पानाएवढं.

"हे कुठं फाटलं?" मी विचारलं.

"काय ठाऊक. मी ठिगळ लावते म्हटलं तर लावू दिलं नाही. घालायचीच सोडली होती त्यांनी."

रखमाजीच्या मुठीतला तो तुकडा चावडीत कधीच जाळून टाकलेला, तेव्हा लावून बघायला काही नव्हतं. बंडी बोरीच्या काट्यानंही फाटते. मोटेच्या नाड्यात येसूची फाटली तशी याचीही फाटली असेल. हे मी त्या दिवसापासून रोज स्वतःला सांगत आलोय. पण केसोबा, माझे हात जन्मभर कापड हाताळतायत. मला ते भोक ओळखू आलं.

मी काय केलं माहीत आहे? कातर घेतली आणि ते भोक मधोमध धरून बंडी कापली. चिंध्या चुलीत घातल्या. उरल्यातून झबलं शिवून दिलं, गळ्याला पिवळा गोट लावला. ती पोर आता मोठी झालीय, दारावरून जाताना "मामा, बरे आहात ना?" म्हणून विचारते. तिच्या मेलेल्या बापाला खुनी ठरवून येसू परत येणार नव्हता, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. ते खोटं नाही. पण येसूच्याही घरी एक बाई होती, तिला लोक खुन्याची बायको म्हणत होते, आणि ती गाव सोडून हिंगण्याकडे गेली तेव्हाही मी गप्प बसलो. पोरीची दया आली हे खरं, आणि माझी अब्रू वाचली हेही खरं. यातलं किती कुठलं, ते मला सांगता येत नाही.

तुला सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी "तू उठलास" म्हणून तुझ्यावर ओरडताना माझ्या पोटात ते भोक होतं. मोठ्यानं ओरडलं की ते ऐकू येत नसे. तुला मी बारा वर्षं त्यासाठी वापरलं, केसोबा. माफ कर.

आणि शेवटी संधी आली होती. तू अंथरुणाला खिळलेलास, आवाज पार बसलेला. मी पेजेची वाटी धरून बसलो होतो. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "म्हादबा, मी उठायला नको होतं."

बारा वर्षं हे एक वाक्य ऐकायला जीव टाकला होता मी! तेव्हाच म्हणायचं होतं, अरे वेड्या, तू उठलास त्यात काही चुकलं नाही, चुकलो मी, आणि हे बघ असं चुकलो. तर मी काय म्हणालो? "गप्प पड. पेज घे आधी." तू दोन घोट घेतलेस. मला वाटलं, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी विठू बोलवायला आला.

झालं सांगून. आता पुढचं ऐक, कारण हे सांगायला दुसरं कुणी नाही.

काल चावडीचा प्यादा येऊन गेला. एका वाड्यातली मालकीणबाई मेली, आणि तिला विष घातलं म्हणून घरातल्या कुणबिणीला, विकत घेतलेल्या दासीला, धरलंय. पंचांत माझं नाव आहे. "मागं तुम्ही एका टाक्यात निवाडा केला होता म्हणे," प्यादा म्हणाला. उद्या सकाळी जायचंय. तोच सवाल विचारणार, ओंजळीत बेलभंडारा देऊन.

रात्र व्हायच्या आत ठरवायचं म्हणून पट मांडून बसलोय. पहिल्यांदा वाटलं, तुझ्यासारखं करावं. "नाही करणार" म्हणावं, पानं जपून ताटात ठेवावीत, धोतर झटकून घरी यावं. तुझी आठवण म्हणून एवढं करावं. किती सोपं आहे ते! एक शब्द, आणि आपण मोकळे. मग माझ्या जागी कोण बसेल? कुणीतरी हुशार वैदू, जो वाटीचा वास घेऊन सांगेल, हे अमुक मुळीचं विष, मी ओळखतो. आणि सगळे म्हणतील, वा.

ती बाई निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं म्हणून मी कातर काढून आलो.

तेव्हा मी "होय" म्हणणार आहे. बेलभंडारा हातात घेऊन, डोळ्याला डोळा देऊन, धडधडीत खोटं. बसणार, सगळ्यांच्या जबान्या ऐकणार, त्या वाड्यातल्या स्वैपाकघरातली प्रत्येक वाटी मागवणार, कारकुनाला वीट आणणार. आणि शेवटी कागद माझ्यापुढं आला की बोरू खाली ठेवणार. मारझोड करतील, पेठेतून उठवतील, काय करायचं ते करोत. तू जे करू शकला नाहीस ते मी करीन, कारण माझ्या तोंडून खोटं निघतं. बारा वर्षं निघतंय. आता एकदा कुणाच्या तरी कामी येऊ दे.

मला भीती वाटते, केसोबा. शपथेची वाटते, कारकुनाचीही वाटते, आणि सगळ्यात जास्त याची वाटते की उद्या कुणी "वा शिंपीबुवा" म्हणालं तर मला पुन्हा बरं वाटेल. तू तिथं खांबाला टेकून उभा असतास तर धीर आला असता.

म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. माझ्या दहाव्याला कावळा लवकर शिवायचा नाही. खोटी शपथ वाहिलेला माणूस. मला पोरबाळ नाही, पुतण्या पिंड ठेवील आणि घामाघूम होऊन मला शिव्या घालील. काय कबूल करावं हे कुणाला सुचणार नाही, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तेव्हा जिथं असशील तिथून ये. मागल्या वेळी उठून गेलास. या वेळी तेवढा झाडावरून उतर, आणि माझ्यापाशी येऊन बस.